उकळून परत केलेलं मडकं

यशू, रोहन,

गेल्या महिन्यात तुम्ही दुकानातून आणलेली एक छोटी बाटली फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरलीत आणि यशूने तिच्यावरची अक्षरं वाचून दाखवली. आत जिवंत जंतू आहेत, पोटाला चांगले. "आजी, हेच तुझं काम होतं ना?" रोहनला मात्र कुठून तरी कळलं होतं की आजी बिअरच्या धंद्यात होती, आणि त्याने ते वर्गात सांगूनही टाकलं होतं. दोन्ही खरं आहे. एकाच खोलीत, दोन टेबलांवर, मी दोन्ही कामं केली.

हे आत्ताच लिहायला बसण्याचं कारण वेगळं आहे. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आठ दिवस ओट्याजवळ जायला मनाई केली. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून भांडी घासण्याचा आवाज आला आणि मला एकदम धडकी भरली. "ते मातीचं मडकं घासू देऊ नका!" मी आतून ओरडले. तुमचे आजोबा म्हणाले, "अगं, त्याला वास येतोय." मी म्हटलं, "येऊ दे. त्यासाठीच आहे ते." मडकं वाचलं. पण पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं की ते का घासायचं नाही, हे या घरात माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्याच होत्या. म्हटलं, एका कामात दोन कामं होतील. तुमची आई वाचून दाखवेल. अंकाच्या इतर वाचकांनी मधलं आजीपण चालवून घ्यावं.

माझी प्रयोगशाळा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, एका शेडच्या मागच्या अर्ध्या भागात होती. मालक उल्हासनगरचे लालचंदशेठ. त्यांचा पुढच्या भागात रंगांना लागणाऱ्या रसायनांचा व्यापार. सूक्ष्मजीवशास्त्राशी त्यांचा संबंध शून्य, पण कशाला गिऱ्हाईक आहे हे त्यांना वासावरून कळायचं. मी एम.एस्सी. होऊन आले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "मॅडम, ये कीड़ा दिखता नहीं, तो पार्टी को दिखाएंगे क्या?"

मी म्हटलं, "त्याने केलेलं काम दाखवू."

ज्या जंतूंवर मी आयुष्य घालवलं त्यांची ओळख तुम्हाला आहे. दुधाचं दही तेच करतात, इडलीचं पीठ आंबवायला हातभार लावतात, लोणचं टिकवतात. साखर खायची आणि आम्ल बाहेर टाकायचं, एवढाच त्यांचा उद्योग. त्या आंबटपणात त्रासदायक जंतूंचा फारसा टिकाव लागत नाही, म्हणून माणसाने त्यांना हजारो वर्षं घरात ठेवून घेतलं.

बिअरच्या कारखान्यात मात्र हेच सभ्य प्राणी दरोडेखोर ठरतात. बिअरमध्ये कडू चवीसाठी एक फूल घालतात. त्या कडूपणाने बहुतेक जंतू मरतात, पण या जमातीतले काही इतके निर्ढावलेले असतात की त्यातही संसार थाटतात. मग बिअर गढूळ होते, आंबते, कधी तिला लोण्यासारखा वास येतो. अख्खी टाकी ओतून द्यावी लागते.

म्हणून माझ्याकडे दोन टेबलं होती. खिडकीजवळच्या टेबलावर एका औषध कंपनीसाठी मी हे जंतू वाढवत असे. लहान मुलांच्या जुलाबात पोट सावरायला देता येईल अशी पुडी त्यांना बनवायची होती. दाराजवळच्या टेबलावर बिअरच्या बाटल्या येत. तिथे मी हेच जंतू शोधून त्यांची तक्रार करत असे. लालचंदशेठना हे समजावलं तेव्हा त्यांनी एकेका टेबलाकडे बोट दाखवलं.

"मतलब वही कीड़ा? इधर डॉक्टर, उधर चोर?"

"हो शेठ. घर बदललं की."

"समझ गया," ते म्हणाले. "जमाई. अपने घर में सीधा, ससुराल में सिरदर्द."

एकदा बिअरवाल्यांचा माल पुन्हा पुन्हा आंबू लागला. त्यांचे साहेब बाटल्यांचा क्रेट घेऊन आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, पण आमच्याकडे जंतू नाहीत. तुमच्याकडे आहेत. तुम्ही ते पाळता. तुमचे क्रेट आमच्याकडे परत येतात, त्यातून आले असणार."

राग आला, पण शंका रास्त होती. मी त्यांच्या कारखान्यात जाऊन बसले. धुण्याचं काम करणाऱ्या माणसाला म्हटलं, तुम्ही रोज करता तसंच करून दाखवा. त्याने अभिमानाने करून दाखवलं. कॉस्टिक सोडा, गरम पाणी, पुन्हा पाणी. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत बिअर नेणारा जाड रबरी पाईप त्याने आतून-बाहेरून धुतला आणि भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर व्यवस्थित टांगला. दोन खुंट्यांच्या मध्ये पाईप झोळीसारखा लोंबत होता. मी त्याला म्हटलं, "आता हा खाली उतरवा आणि वाकवा." आतून पेलाभर पाणी निघालं. पाईप रोज धुतला जात होता आणि रोज त्याच्या पोटात पेलाभर पाणी उरत होतं. जंतू तिथे राहत होते.

दोनची एक खुंटी केली, पाईप सरळ लोंबू लागला, बिअर सुधारली. या प्रकरणातून मी दोन गोष्टी शिकले. पहिली म्हणजे, धुतलं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण सांध्यात आणि पोटात काय उरलं ते त्याला दिसत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे आपल्यावर पुन्हा संशय येता कामा नये. म्हणून मी एक नियम मोठ्या अक्षरांत लिहून प्रयोगशाळेच्या दारावर लावला. "या दारातून बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू आधी ऑटोक्लेव्हमधून जाईल." ऑटोक्लेव्ह म्हणजे फार मोठा आणि फार शिस्तीचा प्रेशर कुकर. त्यातून निघालेल्या वस्तूत जिवंत काही राहत नाही. आमचे मदतनीस वामनराव, वयाने माझ्याहून मोठे, गिरणीत आयुष्य काढून आलेले. ते म्हणाले, "मॅडम, माझा डबा पण?" मी हसले नाही. "डबा बाहेरच ठेवायचा," म्हटलं. मी तेव्हा अशी होते.

आता मडक्याचं.

औषध कंपनीला इथल्या मुलांच्या पोटात टिकणारा, इथलाच जंतू हवा होता. आरोग्य केंद्रातल्या एका नर्सबाईंनी मला सांगितलं की बारवीकडच्या डोंगरात ठाकूर आदिवासींचा एक पाडा आहे. तिथे चांगुणाबाई नावाच्या म्हातारीकडे नाचणीची आंबील रोज सकाळी पाड्यातली सगळी लहान मुलं पितात, आणि हगवण होऊन गेलेल्या मुलाला तर आया मुद्दाम आणतात. नर्सबाई शहाण्या होत्या. त्यांनी आयांना आधी मीठ-साखरेचं पाणी आणि दवाखाना शिकवला होता, आंबील त्यानंतर. "पण मुलं दुसरं काही तोंडात घेत नाहीत तेव्हा ती घेतात," त्या म्हणाल्या.

मी बदलापूरहून जीपने आणि पुढे पायी गेले. चांगुणाबाईंची पद्धत सोपी होती. संध्याकाळी नाचणीची पेज शिजवायची, निवू द्यायची आणि मडक्यात ओतायची. मडक्याच्या तळाशी सकाळची चार बोटं आंबील राखलेली असायची. रात्रभरात सगळं आंबायचं. मडकं कधी रिकामं करायचं नाही, कधी राखेने घासायचं नाही. ते त्यांच्या सासूचं होतं.

त्यांनी मला अंगणात बसवलं आणि विचारलं, "पिशील का बाय, आमच्या मडक्यातला?"

मी वाडगा हातात घेऊन प्यायले. त्या बघत होत्या. "तुमी कोन?"

"आम्ही बौद्ध."

"म्हंजे तुमच्या म्हातारीला पन कोन पानी देत नवता."

"नव्हतं देत," मी म्हटलं.

त्यांनी मला दुसरा वाडगा न विचारता भरून दिला.

मी उकळलेल्या बाटल्यांत नमुने नेत राहिले, पण बाटलीतली आंबील चार दिवसांत वेगळी व्हायची. मला वाटू लागलं की खरी वस्ती पेजेत नाही, मडक्याच्या मातीत, तिच्या बारीक छिद्रांत आहे. मी दोन दिवसांसाठी मडकं मागितलं. चांगुणाबाईंची सून सोमी पटकन म्हणाली, "मडका घर सोडून जात नाय." चांगुणाबाई म्हणाल्या, "ती प्याली आपला. नेऊ दे." मातीत मुरलेलं दोन दिवस टिकेल याची त्यांना खात्री होती, म्हणून मडक्यातली त्या दिवसाची उरलेली आंबील मुलांना वाटून टाकली आणि मडकं माझ्या हाती दिलं.

मी आतून ठिकठिकाणी खरवडून नमुने घेतले. जंतूंचं खाद्य पसरलेल्या काचेच्या बशांवर ते पेरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघताना वामनरावांना म्हटलं, "मडकं उद्या परत न्यायचंय, तयार ठेवा." सकाळी ते टेबलावर होतं, तपकिरी कागदात नीट बांधलेलं, वर चिकटपट्टी. ही पट्टी खास असते. ऑटोक्लेव्हची पुरेशी उष्णता लागली की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. त्या पट्टीवर रेघा होत्या.

मुलांनो, इथे मला खोटं लिहिता आलं असतं की मी कागद पाहिलाच नाही. मी पाहिला. काळ्या रेघा पाहिल्या आणि मला बरं वाटलं. काम नेटकं झालं, एवढंच मनात आलं. ते बोचकं मांडीवर घेऊन मी तासभर जीपमध्ये बसले.

चांगुणाबाईंनी कागद सोडला. मडक्यात हात घातला नाही, नाक घातलं. बराच वेळ. मग म्हणाल्या, "यात कोन नाय."

तेव्हा मला कळलं.

"धुतलास?"

"उकळलं," मी म्हटलं. "आमच्याकडे... सगळंच उकळतात."

त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. त्या हळू म्हणाल्या, "म्हंजे आमचा मडका तुला बाटलेला वाटला."

माझी आजी गावात ज्या घरी राबायची, तिथे तिचा चहाचा कप गोठ्याच्या कोनाड्यात असे. तिचा हात लागलेलं भांडं तिच्यासमोर विस्तवावरून फिरवून मग आत घेत. हे तिने मला मी दहा वर्षांची असताना सांगितलं होतं. रागाने नाही, भात कसा लावतात हे सांगावं तसं. आणि मी, तिची शिकलेली नात, एका बाईचं भांडं विस्तवावरून फिरवून तिच्या दारात परत घेऊन आले होते. "तसं नव्हतं हो," मी म्हटलं. पण ज्यांनी माझ्या आजीचा कप वेगळा ठेवला त्यांनाही कधी तसं वाटत नसेल. त्यांचाही तो नियमच होता.

सोमी मडकं उचलून घरामागे गेली आणि पालथं घालून आली. मुलं वाडगे घेऊन आली होती, ती परत गेली.

शेडवर आले तेव्हा वामनराव दारातच उभे होते. मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, तुमीच लिवलंय ना दारावर." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. अक्षर माझं होतं.

मला अजून आशा होती, कारण बशांवर जंतू वाढले होते. आमच्या धंद्यात वाढलेल्या ठिपक्यांतून एक निवडतात, त्याला एकट्याला वाढवतात, त्याला 'शुद्ध' म्हणतात. मी सगळ्यांत जोमदार ठिपका निवडला, बाकीच्या बशा नेहमीप्रमाणे कुकरमध्ये गेल्या. आठवड्याने त्या जंतूचं विरजण घेऊन मी पाड्यावर गेले. चांगुणाबाईंनी नको म्हटलं नाही. पेजेला ते लावलं, रात्रभर ठेवलं. मी आरोग्य केंद्रातच मुक्काम केला आणि सकाळी परत आले. त्यांनी बोट बुडवून चाटलं.

"आंबट हाय," त्या म्हणाल्या.

"मग?"

"एका मान्साचा पाडा व्हतो का, बाय?"

इतक्या वर्षांच्या वाचनात मला हे कुणी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं. त्या मडक्यात दहा-बारा जातींचे जंतू आणि यीस्ट एकमेकांच्या आधाराने राहत होते. मी त्यातला एक पैलवान तेवढा परत आणला होता. मुलांनी एक घोट घेतला आणि तोंडं वाकडी केली. नव्या मडक्यात आपोआप आंबवून पाहिलं होतं सोमीने, ते कडवट झालं होतं. शेजारच्या कुठल्याच घरात आंबील राखलेली नव्हती, कारण सगळ्यांना चांगुणाबाईंचीच सवय.

मी जायला उठले. निघताना चुलीमागच्या कुडाच्या भिंतीकडे नजर गेली. तिथे डवली खोचलेली होती. डवली म्हणजे अर्ध्या करवंटीला बांबूची दांडी ठोकून केलेली मोठी पळी. तिनेच रोज आंबील ढवळायची, वाढायची, पाण्यात विसळायची आणि कुडात खोचायची. मला दोन खुंट्यांवरचा रबरी पाईप आठवला. जिथे करवंटीत दांडी घुसते त्या सांध्यात काहीतरी काळपट, सुकलेलं बसलं होतं. किती वर्षांचं, कोण जाणे. बिअरच्या कारखान्यात मी ती डवली पाहिली असती तर चिमट्याने उचलून जाळायला सांगितली असती.

"चांगुणाबाई, ही घासता का कधी?"

"कशाला घासू?"

"हिचा सांधा पेजेत भिजवून ठेवू या. यात असतील."

मी हात पुढे केला. त्यांनी डवली माझ्या हातात दिली नाही.

"हिला नाय नेयाची. तुझा कारखाना हितं आन."

बरोबर होतं. मी कारखाना तिथे नेला, म्हणजे स्वतःला नेलं. चार दिवस रजा घेतली. लालचंदशेठ फोनवर म्हणाले, "मॅडम, आप जंगल में क्या कर रही हो?" मी म्हटलं, "जावयाची मनधरणी."

चांगुणाबाईंनी घरामागचं तेच मडकं सुलटं करून आणलं. "मडक्याचा काय गुना," त्या म्हणाल्या. कोमट पेजेत डवली उभी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी काही नाही. मी वास घेतला, सोमीने वास घेतला आणि माझ्याकडे न बघता पेज थोडी कमी करून ताजी ओतली. तिसऱ्या दिवशी किंचित आंबूस, पण तो वास कशाचाही असू शकला असता. मी तापमान बघत होते, वहीत लिहीत होते. सोमी म्हणाली, "लिवून आंबता काय?" मी वही मिटली. चौथ्या दिवशी मी अंगणात पाय ठेवण्याआधी वास आला. ओल्या मातीवर पिकलेलं केळं ठेवावं तसा. चांगुणाबाई मडक्यावर वाकलेल्याच होत्या.

"आलं," त्या म्हणाल्या. "सगली नाय. पन आलं."

त्यांनी एक वाडगा भरला आणि सोमीच्या धाकट्या मुलीला दिला. पोरीने तोंड न काढता संपवला. मग चांगुणाबाईंनी तोच वाडगा, न धुता, पुन्हा भरला आणि माझ्यापुढे धरला. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी प्यायले.

शेडवर गेल्यावर मी दारावरच्या नियमाखाली एक ओळ लिहिली. "माणसांच्या घरून आलेलं भांडं मालकाला विचारल्याशिवाय उकळायचं नाही." वामनरावांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, "मॅडम, मंग माझा डबा आत आनू?" या वेळी मी हसले.

पुडीचं मात्र काही झालं नाही. कंपनीला नावासकट एकच शुद्ध जंतू हवा होता. दहा-बारा जणांचा पाडा पुडीत बसत नव्हता आणि कागदावरही नाही. आंबिलीने मुलांना नेमकं काय होतं हे आम्ही कधी सिद्ध केलं नाही. त्यामुळे ती औषध आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. सुकवलेल्या पैलवान जंतूच्या कुप्या फ्रीजरमध्ये होत्या. लालचंदशेठ गेल्यावर त्यांच्या मुलांनी शेड विकली, फ्रीजर बंद पडला, त्या संपल्या. ज्या बशा मी नेहमीप्रमाणे कुकरमध्ये टाकल्या, त्यांच्यात कोण कोण होतं ते आता कळणार नाही. याची मला हळहळ आहे, आणि ती राहू दे.

चांगुणाबाई जाण्याच्या आदल्या वर्षी मी भेटायला गेले होते. निघताना त्यांनी सोमीला खुणावलं. सोमीने एका छोट्या मडक्यात चार बोटं आंबील घालून वर पळसाचं पान बांधलं. मी म्हटलं, "सोमी, मडकं घर सोडून जात नाही ना?"

"धाकटा जातो," ती म्हणाली. "पन उकलू नको, मावशी."

आता प्रयोगशाळा नाही. शेडच्या जागी दुसराच कारखाना आहे. थोरलं मडकं सोमीच्या घरी आहे आणि डवली अजून त्याच कुडात खोचलेली असते. धाकटं बदलापुरात, कात्रपला, माझ्या ओट्यावर, खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात. डॉक्टरांचे आठ दिवस संपले, काल संध्याकाळी मीच पेज ओतली. आज सकाळी आंबली आहे.